टीबीसारखाच दिसणारा पण टीबी नसलेला आजार: भावाच्या निदानाचा अनुभव

भावाला विचारून आणि सगळं त्याला वाचून दाखवून मगच हे लिहितोय. गावाचं नाव, हॉस्पिटलांची नावं टाकत नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात स्पष्ट आहे की कुणाचं स्टेटस त्याच्या संमतीशिवाय सांगायचं नाही, आणि आमच्या खान्देशात दहा गावं पलीकडचा माणूसही कुठूनतरी नात्यातला निघतो. तरी लिहायला पाहिजे असं आम्हा दोघांनाही वाटलं. एचआयव्ही असलेल्या माणसाला खोकला-ताप आला, वजन उतरलं की सगळ्यांच्या डोक्यात पहिला टीबी येतो आणि बहुतेक वेळा तो असतोच, पण भावाचं तसं नव्हतं आणि ते कळेपर्यंत त्याची फार वाईट अवस्था झाली. ज्यांच्या घरात असंच काही अडकून पडलंय त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो.

आमच्याकडे लग्नाच्या घोड्या आहेत, आजोबांपासूनचा धंदा. मी नोकरीला लागलो, भाऊने तो सांभाळला. सीझनला वराती आणि बाकी वर्षभर तबेल्याचं काम, खरारा, चंदी, लीद काढणं, सगळं तो स्वतः करतो, गडी ठेवत नाही. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढे याचा संबंध आहे.

होळीनंतर त्याला बारीक ताप यायला लागला, संध्याकाळी चढायचा आणि रात्री घामाने बनियन भिजायचं. खोकला कोरडा होता, मग कफ पडायला लागला. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. मग एक्सरे काढला तर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात मोठा डाग आणि त्याच्या मधोमध पोकळी, म्हणजे कॅव्हिटी. डॉक्टरांनी एक्सरे उजेडावर धरला आणि लगेच म्हणाले टीबी वाटतोय, ग्रामीण रुग्णालयात थुंकी द्या.

तिथे दोन तपासण्या झाल्या. एक स्लाइडवरची, झील-नेल्सन म्हणतात ती, ज्यात थुंकीला लाल रंग देऊन वर अ‍ॅसिड ओततात आणि टीबीचा जंतू अ‍ॅसिडलाही रंग सोडत नाही म्हणून लाल दिसतो. दुसरी ट्रूनॅट, ते गोव्याच्या मोलबायो कंपनीचं छोटं मशीन आता तालुक्याच्या दवाखान्यातही असतं, त्यात टीबीच्या जंतूचा डीएनए सापडतो का बघतात. स्लाइडवर रिपोर्ट आला 'स्कँटी', म्हणजे शंभर फील्ड बघितल्यावर एक ते नऊच्या मध्ये जंतू दिसले. ट्रूनॅटचा रिपोर्ट आला 'एमटीबी नॉट डिटेक्टेड'.

आता मला कळतं की हे दोन रिपोर्ट एकमेकांशी जुळत नव्हते. स्लाइडवर जंतू डोळ्यांना दिसायला एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार तरी असावे लागतात, आणि डीएनएवाल्या मशीनला त्याच्या कितीतरी कमी पुरतात. म्हणजे जिथे डोळ्यांना दिसतंय तिथे मशीनला सापडायलाच पाहिजे. नाही सापडलं तर एक तर सॅम्पलमध्ये काही गडबड, नाहीतर जे लाल दिसतंय ते टीबीचं नाहीच. पण आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, आणि तिथल्या डॉक्टरांसमोर कॅव्हिटी होती, स्लाइड पॉझिटिव्ह होती, माणूस वाळत चालला होता.

टीबीचा संशय असला की सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची टेस्टही करायला सांगतात. ती पॉझिटिव्ह आली. आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि सल्ला केंद्र, तिथल्या काउन्सेलर ताईंनी भाऊला एकट्याला आत बोलावून सांगितलं, मग त्याच्याच इच्छेने मला आणि वहिनीला आत घेतलं. वहिनीची टेस्ट निगेटिव्ह आली, मुलाचीही. त्या दिवसाबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की वहिनी पहिलं वाक्य बोलली ते "आता औषध कुठून घ्यायचं ते विचारा" असं, आणि त्या एका वाक्यामुळे आम्ही सगळे उभे राहिलो. सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, आला ३८. निरोगी माणसात तो पाचशेच्या वर असतो, दोनशेच्या खाली गेला की शरीर कुठल्याही जंतूला मोकळं रान, आणि भाऊ तर पन्नासच्याही खाली.

टीबीची औषधं सुरू झाली. चार औषधं एकाच गोळीत असतात, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. भाऊचं वजन ४३ किलो, म्हणून रोज तीन गोळ्या. डॉक्टरांनी सुरू केलं ते योग्यच केलं असं मी आजही म्हणतो. एचआयव्ही असलेल्या माणसाचा जीव सगळ्यात जास्त टीबीच घेतो, आणि इतक्या कमी सीडी४ ला पक्का रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर माणूस हातचा जातो. त्यामुळे कुणी हे वाचून आपल्या माणसाची टीबीची औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका, हात जोडून सांगतो.

आणि भाऊला बरं वाटलं! लघवी लाल-नारिंगी व्हायला लागली, ती रिफाम्पिसिनमुळे होते हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे घाबरलो नाही. ताप उतरला, भूक लागायला लागली, वजन थोडं चढलं. दोन आठवड्यांनी एआरटी सेंटरवरून, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथून, टीएलडी गोळी सुरू केली, तिच्यात तीन औषधं असतात आणि त्यातलं एक डोल्युटेग्रावीर, आणि रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्रावीर शरीरात लवकर संपतं म्हणून त्याची आणखी एक ५० मिलिग्रॅमची गोळी बारा तासांनी. शिवाय दुसरे जंतू लागू नयेत म्हणून कोट्रायमोक्साझोल. घरात सगळ्यांना वाटलं की चला, टीबीच होता, औषध लागू पडलं.

दुसऱ्या महिन्यात ताप परत आला. आधीपेक्षा जास्त. खोकल्यातून रक्त पडायला लागलं, छातीत उजवीकडे वर दुखायचं, आणि कफाला असा वास यायला लागला की खोलीत बसवायचं नाही. आता इथून जो काळ गेला तो सगळ्यात वाईट होता, कारण प्रत्येकाकडे त्याचं एक कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

एका ठिकाणी म्हणाले आयरिस आहे. म्हणजे एचआयव्हीची औषधं सुरू झाली की प्रतिकारशक्ती परत येते आणि आत असलेल्या टीबीवर जोरात तुटून पडते, त्यात पेशंट काही दिवस आधीपेक्षा जास्त आजारी दिसतो, औषधं चालू ठेवायची. हे खरंच होतं, पुष्कळ जणांना होतं. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले एमडीआर असेल, म्हणजे औषधांना न जुमानणारा टीबी. त्यासाठी मोठ्या लॅबला थुंकी गेली सीबीनॅटला, तेही ट्रूनॅटसारखं डीएनए बघणारं मशीन, परत 'एमटीबी नॉट डिटेक्टेड'. जंतूच सापडला नाही तर तो औषधाला रेझिस्टंट आहे की नाही हे मशीन सांगणार कसं? सोबत लिक्विड कल्चरलाही थुंकी लावली, एमजीआयटी म्हणतात, ४२ दिवसांपर्यंत ठेवतात. त्याचा रिपोर्ट मात्र लवकर आला आणि त्यात एकच शब्द, 'कंटॅमिनेटेड'. परत सॅम्पल दिलं. परत 'कंटॅमिनेटेड'.

कंटॅमिनेटेड म्हणजे सॅम्पलमध्ये तोंडातले वगैरे दुसरे जंतू वाढले आणि टीबीचं काही कळू शकलं नाही. मला वाटलं भाऊ थुंकी नीट देत नाही. त्याला सकाळी चूळ भरायला लावून, उभं राहून, पोटातून खोकून दे असं सगळं करवून घेतलं. तेव्हा एका खाजगी डॉक्टरांनी साधं कल्चर पण करा म्हणून सांगितलं, टीबीचं नाही, बाकीच्या बॅक्टेरियाचं. शहरातल्या एका लॅबमध्ये दिलं, दोन दिवसांत रिपोर्ट हातात. त्यावर छापलेलं: 'डिफ्थेरॉइड्स, नॉर्मल ओरल फ्लोरा, नो पॅथोजेन आयसोलेटेड.' डिफ्थेरॉइड्स म्हणजे घशात नेहमीच असणारे निरुपद्रवी जंतू. डॉक्टरांनी वाचलं, फाइलला लावलं. आम्हीही फाइलला लावलं. ज्याला डिफ्थेरॉइड म्हटलं होतं तोच आजाराचा खरा जंतू होता. नाव-पत्ता सापडलेलं पाकीट आम्ही न उघडता फाइलीत ठेवून दिलं होतं असं आज वाटतं, पण त्या लॅबलाही कुठे माहीत होतं की पेशंट कोण आहे, फॉर्मवर फक्त 'थुंकी, कल्चर' एवढंच लिहिलं होतं.

शेवटी मोठ्या शहरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजला नेलं. तिथे अ‍ॅडमिट करून घेणारी जी रेसिडेंट डॉक्टर होती, वयाने माझ्याहून लहान, नाइट ड्यूटीने डोळे लाल झालेले, तिने जे केलं ते आधी कुणी केलं नव्हतं. तिने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे बेडवर मांडले. पहिल्या एक्सरेपासून शेवटच्या सीटीपर्यंत. सीटीत आता कॅव्हिटी मोठी झालेली आणि तिच्यात पातळ पदार्थाची आडवी रेघ दिसत होती. मग तिने भाऊला विचारलं, "काका, काम काय करता?" केसपेपरवर आधीच्या सगळ्या ठिकाणी 'मजुरी' लिहिलेलं होतं, कुणीतरी एकदा लिहिलं आणि पुढे तेच उतरत गेलं. भाऊ म्हणाला घोड्या आहेत. ती लिहायची थांबली. तबेला कोण साफ करतं, लीद सुकल्यावर धूळ उडते का, घोड्यांत कुणी आजारी होतं का, सगळं विचारत गेली. तेव्हा भाऊला आठवलं की दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून, तापीकाठी जो घोड्यांचा बाजार भरतो तिथून, एक घोडी शिंगरासकट आणली होती आणि ते शिंगरू महिनाभर खोकून मेलं. रात्र-रात्र भाऊ त्याच्याजवळ बसलेला.

नंतर तिने मला बाहेर घेऊन तिचा हिशोब समजावून सांगितला, आणि तो मला इतका पटला की आजही जसाच्या तसा आठवतो. पहिली गोष्ट, सीडी४ इतका कमी असताना टीबीत सहसा अशी मोठी कॅव्हिटी पडत नाही. टीबीची कॅव्हिटी शरीराच्या स्वतःच्या लढाईमुळे तयार होते, लढायला सैन्यच नसेल तर फुप्फुसात सगळीकडे बारीक दाणे किंवा गाठी जास्त दिसतात. दुसरी गोष्ट, स्लाइडवर थोडे जंतू लाल दिसतात पण डीएनए टेस्ट दोन-दोनदा निगेटिव्ह, म्हणजे टीबीचा चुलत भाऊ कुणीतरी असेल जो रंग अर्धवट धरतो. असे काही आहेत, नोकार्डिया नावाचा एक जंतू आहे, टीबी सोडून त्याच्याच कुळातले बाकीचे, म्हणजे मायकोबॅक्टेरिया आहेत, आणि एक घोड्यांचा आहे. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मी म्हटलं, पण मॅडम टीबीच्या औषधाने तर ताप उतरला होता. ती म्हणाली, त्या चारपैकी रिफाम्पिसिन हे फक्त टीबीचं औषध नाहीये, ते दुसऱ्या बऱ्याच जंतूंवरही चालतं. बाकीची तीन त्याला काही करत नाहीत. म्हणजे तुमच्या भावाला चार औषधं चालू होती पण त्या जंतूच्या दृष्टीने एकच चालू होतं, आणि एकट्या औषधाला जंतू लवकर सरावतो. म्हणून आधी बरं वाटलं आणि मग बिघडलं.

टीबीच्या औषधाने बरं वाटलं म्हणजे टीबीच होता असं नसतं, हे एवढं एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी ब्राँकोस्कोपी ठरली. त्याची लोकांना भीती वाटते म्हणून सांगतो. रात्रीपासून उपाशी ठेवलं, सकाळी नाकात-घशात बधिर करायचा स्प्रे मारला, तो कडू लागतो आणि गिळता येत नाहीये असं वाटतं. मग नाकातून बारीक लवचीक नळी फुप्फुसात, कॅव्हिटीच्या जवळच्या फांदीत सलाइन सोडून तेच परत ओढून घेतलं, त्याला बाल म्हणतात. छोटा तुकडाही घेतला बायोप्सीला. भाऊला खोकल्याची उबळ आली, ऑक्सिजन थोडा खाली गेला, नळीने दिला, संध्याकाळी ताप चढला आणि दुसऱ्या दिवशी उतरला. त्याच्या मते दात काढण्यापेक्षा सोपं होतं. शिवाय दोन्ही हातांतून ब्लड कल्चरच्या बाटल्या भरल्या. ब्लड कल्चर मला तेव्हा उगाचच वाटलं होतं, आजार फुप्फुसात आणि रक्त कशाला, पण एचआयव्ही असलेल्यांमध्ये या जंतूच्या निम्म्याहून जास्त पेशंटच्या रक्तातही तो सापडतो.

खरं काम त्या डॉक्टरने फॉर्मवर केलं. सॅम्पल घेऊन मीच लॅबला गेलो म्हणून मला तो फॉर्म वाचायला मिळाला. त्यात एचआयव्ही, सीडी४ ३८, कॅव्हिटी, घोड्यांशी रोजचा संपर्क, टीबीच्या औषधाने तात्पुरता फरक, हे सगळं, आणि खाली अधोरेखित करून: डिफ्थेरॉइड म्हणून टाकू नये, प्लेट जास्त दिवस ठेवावी, रोडोकॉकस (तोच घोड्यांचा जंतू) आणि नोकार्डिया बघावे. पाकिटात बंद करून दिलेला, कारण स्टेटस लिहिलेलं होतं. वरून तिने लॅबच्या मॅडमना फोनही केला.

तिसऱ्या दिवशी ब्लड कल्चरची बाटली वाजली, म्हणजे मशीनने त्यात वाढ आहे असा सिग्नल दिला. आणि त्यानंतर दोन दिवसांनी लॅबमधून मला बोलावणं आलं, त्यांना आधीच्या खाजगी लॅबचा रिपोर्ट बघायचा होता. मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम, पन्नाशीच्या, फार बोलत नव्हत्या, पण रिपोर्ट बघून झाल्यावर म्हणाल्या, बघायचंय का? हात लावायचा नाही. हुडच्या काचेतून त्यांनी प्लेट तिरकी धरून दाखवली. लाल रक्ताच्या अगरवर गोल, ओलसर, चकचकीत ठिपके, एकमेकांत मिसळत चाललेले, थेंब ओघळावेत तसे. रंग फिका गुलाबी, थोडा केशरीकडे झुकणारा. त्या म्हणाल्या पहिल्या दिवशी हे अगदी बारीक आणि पांढुरके असतात, काहीच ओळख पटत नाही, दोन दिवसांत प्लेट टाकून दिली तर हा रंग कुणाला दिसतच नाही, तो चार-पाच दिवसांनी चढतो. मायक्रोस्कोपखाली छोटे जाडसर दांडके आणि गोळे, घशातल्या निरुपद्रवी डिफ्थेरॉइडसारखेच. मग त्यांनी नेहमीच्या कडक अ‍ॅसिडऐवजी एक टक्क्याचं सौम्य अ‍ॅसिड वापरून परत रंगवलं तर काही लाल, काही निळे. नोकार्डिया असता तर फांद्या फुटलेल्या लांब दोऱ्या दिसल्या असत्या, त्या नव्हत्या. शेवटचं शिक्कामोर्तब मॅल्डी-टॉफ नावाच्या मशीनवर झालं, ते जंतूच्या प्रथिनांवरून नाव सांगतं.

रोडोकॉकस इक्वी. बालमध्येही तोच, रक्तातही तोच. बायोप्सीत मॅलाकोप्लेकिया, म्हणजे एका खास प्रकारची सूज, म्हणून आलं, तेही याच आजाराकडे बोट दाखवणारं, असं समजावलं.

त्यानंतर मी याबद्दल मिळेल ते वाचलं. हा जंतू १९२३ मध्ये स्वीडनमध्ये मॅग्नुसन नावाच्या शास्त्रज्ञाने न्यूमोनिया झालेल्या शिंगरांत शोधला. माणसातली पहिली केस १९६७ ची, अमेरिकेतली, यकृताच्या आजारासाठी स्टेरॉइड चालू असलेला एक तरुण जो जनावरांच्या गोठ्यात काम करायचा. एचआयव्ही आल्यावर अशा केसेस जगभर वाढल्या. तो मातीत आणि लिदेत राहतो, धुळीबरोबर श्वासात जातो, आणि त्याला खाऊन टाकायला ज्या पेशी येतात, मॅक्रोफेज, त्यांच्याच पोटात बसून वाढतो. निरोगी माणसात त्या पेशींना सीडी४ पेशींची मदत मिळते आणि जंतू मरतो, भाऊकडे ती मदत नव्हती. आम्ही सगळे त्याच तबेल्यात वाढलो, कुणाला काही झालं नाही त्याचं कारण हेच. आणि हेही लिहून ठेवतो की घोड्यांशी संबंध सगळ्याच पेशंटमध्ये सापडत नाही, बऱ्याच जणांनी घोडा जवळून पाहिलेलाही नसतो, त्यामुळे 'आमच्याकडे कुठे घोडे' म्हणून सोडून देऊ नका.

आमच्या घोड्या बघणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांना मी फोन करून नाव सांगितलं तर ते लगेच ओळखले. म्हणाले शिंगरांमधला नेहमीचा न्यूमोनिया आहे, एक ते पाच-सहा महिन्यांच्या पिल्लांना होतो, मॅक्रोलाइड आणि रिफाम्पिसिन अशी जोडी देतात. मला ते ऐकून फार वाईट वाटलं. जो आजार माणसांच्या डॉक्टरांना शोधायला महिने लागले तो पशुवैद्यकाच्या रोजच्या ओळखीचा, आणि दोघांची गाठ कधी पडतच नाही.

सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे जंतूवर कुठलं औषध चालतं त्याचा, रिपोर्ट आला तेव्हा रेसिडेंट मॅडम म्हणाल्या होत्या तसंच निघालं, रिफाम्पिसिन रेझिस्टंट. टीबीची औषधं बंद केली, पण मोठ्या सरांनी आणि एआरटीच्या डॉक्टरांनी मिळून ठरवून, आम्ही नाही. डोल्युटेग्रावीरची जादा गोळी त्यानंतर दोन आठवडे चालू ठेवली कारण रिफाम्पिसिनचा परिणाम लगेच जात नाही. व्हँकोमायसिन आणि मेरोपेनेमची इंजेक्शनं, सोबत अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या. व्हँकोमायसिन हळूहळूच सोडावं लागतं, एकदा सलाइन जरा जोरात सुटली तर भाऊची मान-छाती लालेलाल झाली, सिस्टरने लगेच स्पीड कमी केला. त्या दोन गोळ्या एकत्र असल्या की हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून ईसीजी परत परत काढायचे. इंजेक्शनं संपल्यावर दोन्ही गोळ्या पुढे, एकूण सहा महिने तरी. पहिल्या आठवड्यात ताप हलला नाही, वहिनी रोज विचारायची की हे पण चुकीचं तर नाही ना, दुसऱ्या आठवड्यात उतरायला लागला. कफाचा वास गेला तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

शेजारच्या बेडवर एक मामा होते नाशिककडचे, तेही एआरटीवर, त्यांनाही आधी टीबीची औषधं झालेली, त्यांचा निघाला नोकार्डिया. त्यांना डोकं दुखत नव्हतं, काही त्रास नव्हता तरी मेंदूचा एमआरआय केला कारण नोकार्डिया गुपचूप मेंदूत जातो, आणि खरंच तिथे छोटी गाठ सापडली. त्यांची औषधं वेगळी, मुख्य म्हणजे कोट्रायमोक्साझोल, पण मोठ्या डोसमध्ये, आणि मेंदूत असल्यामुळे वर्षभर तरी. एकाच वॉर्डात दोन माणसं, दोघांचे एक्सरे टीबीसारखे, दोघांचे जंतू वेगळे आणि उपचार पूर्ण वेगळे. नाव कळल्याशिवाय भागत नाही ते यासाठी.

मला विचारणारे नातेवाईक भेटतात तेव्हा मी त्यांना सांगतो की टीबीची औषधं चालू ठेवून हे प्रश्न डॉक्टरांना विचारा: स्लाइड आणि सीबीनॅट जुळतायत का, जुळत नसतील तर दुसरा कुठला जंतू असू शकतो का, साधं बॅक्टेरियल कल्चर आणि ब्लड कल्चर झालंय का. कल्चरच्या फॉर्मवर प्रतिकारशक्ती कमी आहे हे पेशंटची संमती घेऊन लिहायला सांगा, एचआयव्ही लिहायचं नसेल तर 'इम्युनोकॉम्प्रमाइज्ड' एवढं तरी लिहा, लॅबवाल्यांना तेवढा इशारा पुरतो. प्लेट जास्त दिवस ठेवायची विनंती डॉक्टरांमार्फत करा. दोनदा 'कंटॅमिनेटेड' आलं तर जे वाढलं ते नक्की काय होतं हे विचारा. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवा, जुने एक्सरे फेकू नका. आणि कामधंदा खरा आणि पूर्ण सांगा, केसपेपरवर 'मजुरी' लिहू देऊ नका.

भाऊचं वजन आता ५६ आहे. एक्सरेत कॅव्हिटीच्या जागी आखडलेला व्रण राहिलाय, जिना चढताना थोडा दम लागतो, तेवढं राहील म्हणतात. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, मोजता न येण्याइतका कमी झालाय. सीडी४ शेवटचा १६४ आला, दोनशेच्या वर जाऊन टिकेपर्यंत अ‍ॅझिथ्रोमायसिन चालू ठेवायचंय. तोपर्यंत लीद काढणं, तबेला झाडणं बंद, ते मी आणि भाचा बघतो, झाडण्याआधी पाणी मारून घेतो म्हणजे धूळ उडत नाही. घोड्या विकायच्या का हा विषय घरात एकदा निघाला होता, भाऊने एआरटीच्या डॉक्टरांनाच विचारलं, त्या म्हणाल्या विकायची गरज नाही, सीडी४ वाढू द्या, मास्क वापरा, आजारी शिंगराजवळ जाऊ नका. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.